पेपरमिंटचा वास

हार्डनशॉ, ४ मार्च १८९४

प्रिय दादा,

आधी तुझं अभिनंदन. सँडथॉर्पच्या नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षकाच्या जागेसाठी तुझं नाव पुढे गेलंय, हे मी कामाच्या खोलीत मुलींना मोठ्याने वाचून दाखवलं. कालपर्यंत लोकांचे नळ जोडत फिरणारा आमचा एफ्रेम आता लोकांना नोटिसा देणार. आई असती तर अख्ख्या चॅपलला ऐकवून तिने वर आपण काही बोललोच नाही असं तोंड केलं असतं.

आता माझं गाऱ्हाणं ऐक. टोप्यांना अस्तर लावणारी माझ्याकडची केझाया महिनाभर अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टर विषमज्वर म्हणतात. बाकीच्या मुलींचेही घसे सारखे धरतात. खोलीत वास येतो, तो हिवाळ्यात कमी होता, आता ऊन पडायला लागलं तसा वाढलाय. मी फरशी घासून घासून हात सोलून घेतले तरी जात नाही.

इथले निरीक्षक मि. टॉर्डॉफ येऊन गेले. तीनदा खाकरल्याशिवाय हा माणूस एक वाक्य बोलत नाही, पण आहे सरळ. ते थेट मोरीच्या कोपऱ्यात गेले, जिथे खिडकीच्या उजेडात आमची लेटिस मशीनवर बसते. त्या भिंतीवर फळ्या मारल्या आहेत आणि फळ्यांमागून वरच्या मजल्याच्या संडासाचा नळ खाली येतो. त्यांना तो फुटका असल्याचा संशय आहे. घरमालक मि. क्रॅबट्री म्हणतात, नळ ठणठणीत आहे, घाण भाडेकरूच करतात. टॉर्डॉफनी नोटीस दिली, ती त्यांनी धुडकावली, आता महिनाअखेरीला मॅजिस्ट्रेटपुढे जायचं आहे. फळीला हात लावलास तर खोली खाली कर, अशी तंबी मला मिळाली आहे.

तूच सांग, टॉर्डॉफना फळ्या काढू देऊ का? मी हो म्हटलं तर ते आजही काढतील. नळ फुटका निघाला तर क्रॅबट्रींना तो दुरुस्त करावाच लागेल. नाही निघाला तर मात्र दोष माझ्या माथी आणि माझं दुकान बंद. ही खोली तूच बघून दिलीस, कोरडी आहे, नळ चांगले आहेत म्हणालास, म्हणून तुलाच विचारते.

तू ओतून दिलेली शिशाची वजनं अजून कापड दाबायला वापरते. तू शिकाऊ असल्यापासून प्रत्येक कामावर उमटवायचास तो मासा त्यांच्यावर आहे. लेटिस लहानपणी त्याला पाव भरवायची, आठवतं? आता ती सोळाची झाली, तरी काम उरकलं की अजून त्याला थोपटते.

टॅबिथावहिनींना आणि मुलांना आठवण सांग.

तुझी डॉरी


सँडथॉर्प, ९ मार्च १८९४

प्रिय डॉरी,

तुझं पत्र मिळालं. एकदम घाबरून जायचं कारण नाही. टोप्यांच्या कापडाला स्वतःचाच एक वास असतो, त्यात सहा मुली, त्यांचे ओले कोट, चहाची भांडी. टॉर्डॉफसारख्यांना मी ओळखतो. त्यांना जिथे तिथे फुटका नळ दिसतो, नाहीतर त्यांची खुर्ची कशी टिकायची?

फळ्यांना मात्र हात लावू देऊ नकोस. हे मी भाऊ म्हणूनही सांगतो आणि प्लंबर म्हणूनही. जुना शिशाचा नळ फळ्यांच्या आधाराने उभा असतो, फळी उपटताना चांगला सांधासुद्धा निखळतो, आणि मग तो आधीपासून फुटका होता की आत्ता फुटला हे देवालाही सांगता येत नाही. वर क्रॅबट्री तुला बाहेर काढतील ते वेगळंच.

त्यापेक्षा पेपरमिंटची चाचणी बरी. छपरावर नळाचं उघडं तोंड असतं, त्यातून पेपरमिंटचा अर्क आणि कढत पाणी ओतायचं. खाली खोलीत दुसऱ्याने वास घ्यायचा. नळाला कुठे चीर असेल तर खोलीत पेपरमिंट दरवळतं. फक्त ओतणाऱ्याने चाचणी संपेपर्यंत खाली यायचं नाही, कारण त्याच्या अंगाला तो वास इतका चिकटतो की सगळा घोळ होतो. भिंत फोडायला नको की फळ्या काढायला नकोत.

मी क्रॅबट्रींना परस्पर पत्र टाकलं होतं. त्यांच्या बाजूने चाचणी मीच करावी असं ते म्हणाले. म्हणजे ओतणारा तुझा भाऊ आणि वास घेणारे टॉर्डॉफ, याहून चोख काय असणार? ईस्टरनंतर बुधवारी येतो. तुझ्या हातचा मटणाचा रस्सा मात्र हवा, इथे समुद्राकाठी मासे खाऊन खाऊन मला खवले फुटायची वेळ आली आहे.

तुझा एफ्रेम


हार्डनशॉ, १४ मार्च १८९४

प्रिय दादा,

तुझं पत्र वाचून डोक्यावरचं ओझं उतरलं. टॉर्डॉफ आज फळ्यांसाठी आले होते. मी नाही म्हणाले. तुम्ही कोणाच्या सल्ल्याने वागताय, असं त्यांनी खाकरून विचारलं. मी म्हटलं, माझ्या भावाच्या, आणि तो तुमच्याच खात्यात यायचा आहे. त्यांनी तुझं नाव लिहून घेतलं आणि चाचणीला कबूल झाले.

केझायाच्या आईला मी सांगून आले की आता माझाच भाऊ येतोय, जे असेल ते बाहेर पडेल. बिचारीने माझे हात धरले. मुलीही तुझी वाट बघत आहेत. लेटिसने तर सगळ्यांना सांगून ठेवलंय की मामा येताना काहीतरी आणतोच.

तुझी डॉरी


हार्डनशॉ, १ एप्रिल १८९४

प्रिय दादा,

शुक्रवारी कोर्टातून तू तसाच स्टेशनावर गेलास. रस्सा चुलीवर राहिला, तो आम्ही आजपर्यंत पुरवला. घाईची गाडी होती हे मी समजू शकते, पण दोन शब्द बोलायला तरी थांबायचं होतंस. म्हणून हे पत्र लिहिते, कारण बुधवारी खाली खोलीत काय झालं ते तू छपरावरून पाहिलं नाहीस आणि मला वाटतं तुला त्याचं वाईट वाटत असेल.

तू सकाळी तो पेपरमिंटच्या गोळ्यांचा मोठा डबा मुलींच्या हातात दिलास, तेव्हा मला भरून आलं होतं. चॅपलमध्ये लांबलचक प्रवचन सुरू झालं की आई आपल्या तोंडात एकेक सारायची, त्याच गोळ्या. तू छपरावर चढलास तोवर सगळ्यांची गालफडं फुगली होती. लेटिसच्या तर दोन्ही बाजूंना.

थोड्या वेळाने टॉर्डॉफ बाहेरच्या हवेतून आत आले. ते सरळ कोपऱ्यात गेले, खाली वाकले आणि वळून मला म्हणाले, "मिसेस हॉलरॉइड, पेपरमिंट." त्यांचा चेहरा उजळला होता. मी हसले आणि म्हणाले, "अहो साहेब, हा नळाचा नाही, आमच्या एफ्रेमच्या गोळ्यांचा वास आहे." लेटिसने जीभ बाहेर काढून गोळी दाखवली. मग त्यांनी मुलींना बाहेर काढलं, खिडकी उघडली, पण खोलीभर, कपड्यांत, हातांत तोच वास. आता मला शपथेवर काही सांगता येणार नाही, असं म्हणून ते गेले. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, नळ चांगला आहे.

पुढे कोर्टात टॉर्डॉफ खरं तेच बोलले, की नक्की सांगता येत नाही. मी खरं तेच बोलले, की अर्क ओतण्याच्या आधीपासून खोलीत पेपरमिंटचा वास होता. आणि तू शपथेवर सांगितलंस की नळ पक्का आहे. दादा, एवढं ठासून कसं सांगितलंस रे? तू तर छपरावर होतास. मॅजिस्ट्रेट म्हणाले, चाचणी पुन्हा करायची गरज नाही, घरमालक निर्दोष, भाडेकरणीने खोलीला चुना लावावा आणि मुली कमी कराव्यात. दोघींना मी घरी पाठवलं. केझायाची आई रस्त्यात भेटली, तेव्हा तिने तोंड फिरवलं.

तू मुद्दाम केलं नाहीस हे मला माहीत आहे. गोळ्या आणताना तुझ्या डोक्यात चाचणी नसणार, फक्त भाची असणार. मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी डॉरी


सँडथॉर्प, ६ एप्रिल १८९४

प्रिय डॉरी,

तू समजून घेतलंस, बरं वाटलं. खरंच, माझ्या ध्यानातच आलं नाही. आता झालं ते झालं. नळ पक्का आहे म्हणून मी सांगितलं ते तीस वर्षांच्या अनुभवावर, त्यासाठी खाली उतरावं लागत नाही.

मला ती जागा मिळाली. येत्या सोमवारी रुजू होतो. टोपीवर पितळी बिल्ला असतो, थोरला सारखा तो घालून आरशापुढे उभा असतो.

चुना दोन हात लाव, आणि त्यात थोडी तुरटी घाल. खिडकी उघडी ठेव. आणि हो, लेटिसचं मशीन त्या कोपऱ्यातून हलवून दाराजवळ घे. तसं कारण काही नाही, मोरीपाशी ओल असते आणि ओल मशीनला वाईट.

तुझा एफ्रेम


हार्डनशॉ, १९ एप्रिल १८९४

दादा,

लेटिसला आज तापाच्या इस्पितळात नेलं. सात-आठ दिवस डोकं दुखतं म्हणत होती, मला वाटलं चुन्याच्या वासाने असेल. काल अंगावर लाल ठिपके उठले. डॉक्टरांनी पापणी वर करून पाहिली आणि लगेच गाडी मागवली. केझायाचं झालं तेच हिचं.

मशीन हलवायला तू सांगितलं होतंस. दाराजवळ उजेड नाही, काळ्या कापडावर काळी शिवण तिथे दिसत नाही, म्हणून ती म्हणाली राहू दे, आणि मी राहू दिलं. हे एक आता जन्मभर पुरेल मला.

मला आत जाऊ देत नाहीत. फाटकाशी उभं राहून नर्सला विचारायचं आणि परत यायचं. तू ये. काही करू नकोस, फक्त माझ्याबरोबर फाटकाशी उभा राहा.

डॉरी


सँडथॉर्प, २२ एप्रिल १८९४

प्रिय डॉरी,

पत्र वाचून टॅबिथा रडली. चॅपलमध्ये आम्ही सगळ्यांनी लेटिससाठी प्रार्थना केली. मी नक्की आलो असतो, पण नवी नोकरी, लगेच सुट्टी मागितली तर वरचे लोक काय म्हणतील? शिवाय तापाच्या घरी जाऊन आलो हे कळलं तर मला लोकांच्या घरात कोण घेईल?

संत्री पाठवली आहेत. विषमज्वर दुधातून होतो, पाण्यातून होतो, शंभर ठिकाणांहून होतो. नाही नाही ते मनात आणू नकोस. ती धडधाकट पोर आहे, उठेल.

तुझा एफ्रेम


हार्डनशॉ, ६ मे १८९४

एफ्रेम,

दोन आठवडे लेखणी उचलते आणि खाली ठेवते. आधी लेटिसचं सांगते. ती जगली. केस सगळे काढावे लागले आणि चालताना भिंत धरते, पण जगली. परवा घरी आणली.

आता दुसरं. तिला नेलं त्याच दिवशी नगरपालिकेची माणसं खोलीला गंधकाची धुरी द्यायला आली. त्यांनी खिडक्यांच्या आणि दाराच्या फटींवर कागद चिकटवले, मोरीचं तोंड बुजवलं, तव्यात गंधक पेटवलं आणि दार बंद केलं. आम्ही सगळे अंगणात उभे होतो. जरा वेळाने वरच्या मजल्यावरचे पॉगसन कारकून नुसत्या बंडीवर खोकत खोकत जिना उतरले. त्यांच्या संडासातून धूर येत होता. कोणीतरी वर बोट दाखवलं. छपरावरच्या नळातून, जिथे तू उभा राहून अर्क ओतलास तिथून, पांढरा धूर शांतपणे निघत होता. आमच्या बंद खोलीतला धूर. टॉर्डॉफनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. या वेळी खाकरलेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना म्हटलं, फळ्या काढा.

वरचा सांधा सुरेख आहे. शिसं असं पुसून घेतलंय की लोण्यासारखं दिसतं, मुकादमाची नजर पडेल अशा उंचीवर. त्याच्या खाली हातभर अंतरावर, जिथे फळी येणार होती, तिथे सांधाच नाही. नळात नळ नुसता खोचलाय, भोवती गोणपाट आणि पुट्टी, वरून रंग. पुट्टी कधीच सुकून पडली होती. लेटिसच्या मशीनमागे, तिच्या डोक्याच्या उंचीला.

आणि त्या वरच्या सुरेख सांध्यावर मासा आहे.

टॉर्डॉफनी दिवा धरला आणि मला विचारलं, ही खूण ओळखीची आहे का? माझ्यामागे कापायच्या टेबलावर तुझी वजनं मांडलेली होती. मी त्या वजनांपुढे जाऊन उभी राहिले, झगा पसरून, त्यांना दिसू नयेत म्हणून. खुणेचं कोर्टात सांगेन, असं मी म्हणाले. बघ, तेव्हासुद्धा तुला झाकायला माझे पाय आपोआप हलले.

तो नळ तू बसवलास. मी तेव्हा लग्न होऊन हॅलिफॅक्सला होते, मला कुठून कळणार? पण मी विधवा होऊन इथे आले तेव्हा हीच खोली तू मला दाखवलीस. फळ्या काढू नकोस म्हणालास. आणि डबा घेऊन आलास. मी तुझी समजूत घालत बसले, मनाला लावून घेऊ नकोस म्हणून. वाचताना हसलास का रे?

क्रॅबट्रींवर नवीन खटला आहे, १७ तारखेला, गुरुवारी.

डॉर्कस


सँडथॉर्प, १० मे १८९४

माझ्या लाडक्या डॉरी,

तू रागावली आहेस आणि रागात माणूस एकाला एक जोडत जातं. त्या काळात सगळेच तसं काम करायचे. मुकादम डोक्यावर बसलेला, वरचे भाडेकरू सामान घेऊन जिन्यात उभे, क्रॅबट्रीला घाई. एका सांध्याचं शिसं वाचलं तर मुकादम खूश. मी एकटा काय करणार होतो? पुट्टी इतकी वर्षं टिकली हेच पुष्कळ. ती खोली मी तुला दाखवली कारण तुला लगेच कुठेतरी डोकं टेकायला हवं होतं, आणि खरं सांगतो, तेव्हा मला त्या सांध्याची आठवणही नव्हती.

आणि मी निर्दय असतो तर मशीन हलव असं लिहिलं असतं का? ते तू विसरतेस. मी लिहिलं होतं.

आता शांतपणे विचार कर. लेटिस वाचली, देवाची कृपा. नळ दुरुस्त होणारच आहे, क्रॅबट्रींना दंड होणारच आहे. त्यात माझं नाव येऊन तुला काय मिळणार? माझी नोकरी जाईल, शपथेवर खोटं बोलल्याचा आरोप येईल, तुरुंग होईल. माझी तीन मुलं आहेत, तुझी भाचरं. तुला खोटं बोलायला मी सांगत नाही. खूण ओळखीची वाटत नाही, एवढंच म्हण. जुनं शिसं, झिजलेलं, कोणाला नक्की ओळखता येतं? ती वजनं मात्र टेबलावरून काढून ठेव.

आई गेली तेव्हा तू माझ्या मांडीवर झोपली होतीस. दुसरं काही नाही तर ते आठव.

तुझाच दादा


हार्डनशॉ, १३ मे १८९४

एफ्रेम,

आठवतं. पाय बधिर झाला तरी तू हलला नव्हतास. तेच आठवून मी तुला विचारत आले, खोली घेऊ का, फळ्या काढू का, सगळं. दुसऱ्या कोणी मला फसवलं असतं तर मी त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते.

मशीन हलव असं तू लिहिलं होतंस, ते मी विसरले नाही. त्या एका वाक्यावर तू भाऊ म्हणून उभा राहू पाहतोस. मला त्याच वाक्याने कळलं की तुला सगळं माहीत होतं. ती कुठे बसते, नळ कुठे उघडा आहे, त्यातून काय येतं. खरं कारण लिहिलं असतंस तर मी मशीन अंगणात नेऊन ठेवलं असतं. तू ओल लिहिलंस.

कोर्टात मी यापूर्वी एकदाच बोलले. मला विचारलं, वास आधीपासून होता का, आणि मी खरं सांगितलं. माझ्या त्या खऱ्यावर तू सुटलास, तुला बिल्ला मिळाला. गुरुवारी विचारतील, मासा कोणाचा. तेव्हाही मी खरंच सांगणार. वजनं बरोबर नेणार आहे.

केझाया अजून उठलेली नाही. काल मी तिच्याकडे जाऊन आले. तिच्या आईने दार उघडलं, पण खुर्ची दिली नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुझा भाऊ होता म्हणून मी निर्धास्त होते." मीही त्याचसाठी निर्धास्त होते.

लेटिसला मी अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मासा हा मामाच्या कामाचा मान आहे. गुरुवारी तिला यायचंच आहे, केस नाहीत म्हणून टोपी घालून. मामा गेल्या खेपेसारखा येणार का, असं रोज विचारते, आणि डब्यात उरलेल्या दोन गोळ्या तिने तुझ्यासाठी ठेवल्या आहेत.

तू ये. ती तुझ्या शेजारी बसायचा हट्ट धरेल, बस तिच्याजवळ. तो मासा कोणाचा हे मी सांगेन, तेव्हा तिने तुझा हात धरलेला असेल.

डॉर्कस हॉलरॉइड